प्रोस्टेटची वाढ आणि वाफेचा उपचार



या पानावर आम्ही बहुधा बेणे, खते, ओलीत आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय शेताचा नसून शेतकऱ्याच्या शरीराचा आहे. गटात फिरताना एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आमच्या कानी येते. कोणी म्हणतो, "रात्री चार-पाच डाव उठा लागते." कोणी म्हणतो, "बसलो की लवकर धारच सुटत नाही." आणि त्यापुढचे वाक्य तर ठरलेले : "वय झालं बापा, आता असंच राह्यते. दवाखान्यात कायले जा लागते ?"

दवाखान्यात कायले जा लागते, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, शेतीची पदविका घेऊन उसाच्या कामाला लागलेली माणसे. परंतु या दुखण्यावर अलीकडच्या वर्षांत जो वाफेचा उपचार निघाला आहे, त्याचे तत्त्व आपल्या बेणेप्रक्रियेशी आणि कारखान्यातल्या वाफेशी इतके जुळते की, ऊस लावणाऱ्या माणसाला तो समजण्यास मुळीच अडचण पडू नये.

प्रथम ग्रंथीची ओळख करून घेऊ. प्रोस्टेट ही फक्त पुरुषांना असणारी ग्रंथी आहे. मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती ती कड्यासारखी बसलेली असते. तरुणपणी तिचे वजन साधारण २० ग्रॅम आणि आकार अक्रोडाएवढा असतो. वीर्यातील पातळ द्रवाचा काही भाग तयार करणे हे तिचे काम. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते. साठीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांत आणि पंच्याऐंशीच्या पुढे दहांपैकी जवळजवळ नऊ जणांत ही वाढ सापडते. म्हणजे हा काही कोणाच्या कर्माचा भोग नव्हे, की लाज वाटावी असा रोगही नव्हे. ही वाढ म्हणजे कर्करोग नाही आणि तिचा पुढे कर्करोगही होत नाही. मात्र दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, म्हणून तपासणी टाळता येत नाही.

आपल्या जुन्या वैद्यकालाही हे दुखणे ठाऊक होते. सुश्रुताने लघवी अडण्याचे, म्हणजे मूत्राघाताचे, बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांत गुदमार्ग आणि मूत्राशय यांच्या मधोमध गोट्यासारखी घट्ट गाठ होऊन लघवी अडते, असा एक प्रकार आहे. त्याचे नाव वाताष्ठीला. त्यावरूनच आपल्या मराठी पुस्तकांत प्रोस्टेटला अष्ठीला ग्रंथी म्हणतात.

ग्रंथी किती मोठी झाली यापेक्षा ती कोणत्या बाजूला वाढली हे महत्त्वाचे. बाहेरच्या अंगाला वाढली तर पुष्कळ मोठी होऊनही माणसाला पत्ता लागत नाही. नळीच्या अंगाला वाढली तर थोडक्या वाढीनेही धार बारीक होते. पाटाचे दोन्ही काठ आत सरकले तर मागे विहीर भरलेली असूनही बाऱ्यात पाणी पोचत नाही, तसेच हे. मग मूत्राशय जोर लावू लागते. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, मध्येच तुटते, शेवटी थेंब थेंब गळत राहते, आणि होऊन गेल्यावरही उरल्यासारखे वाटते. रात्री वारंवार उठावे लागते. ज्यांच्याकडे रात्रीची वीज आणि रात्रीचे ओलीत आहे त्यांना यात विशेष वाटत नाही, पण अंधारात अंगणात चार वेळा उतरणाऱ्या सत्तरीच्या माणसाला पडण्याची आणि विंचूकाट्याची भीती असते, हे घरच्या बायकांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. खरे तर या दुखण्याची पहिली खबर बहुतेक घरांत त्यांनाच असते.

पुष्कळ जण यावर एक घरगुती तोड काढतात, ती म्हणजे पाणी कमी पिणे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात दिवसभर शेतात राहून पाणी तोडणे म्हणजे मुतखड्याला आणि लघवीच्या जंतुदोषाला आमंत्रण. झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत पाणी आणि चहा कमी करावा, दिवसा नाही.

आपल्या कौंडण्यपुरातून रुक्मिणीमातेची पालखी आषाढीला पंढरपूरला पायी जाते. १५९४ सालापासूनची ही वारी आहे असे सांगतात. वर्षानुवर्षे पालखीबरोबर चालणारी माणसे एखाद्या वर्षी गप्पकन घरी राहतात, आणि कारण विचारले तर गुडघे सांगतात. त्यांतल्या काहींचे गुडघे चांगले असतात. दर अर्ध्या तासाला दिंडीतून बाहेर पडायचे, आडोसा शोधायचा, पुन्हा धावत गाठायचे, याचा त्यांना संकोच वाटतो. पण इतक्यावर भागले तर ते दुखणे सौम्यच म्हणायचे. लघवी पूर्ण तुंबली तर माणूस तळमळतो आणि नळी घातल्याखेरीज सुटका नसते. सर्दीच्या काही गोळ्या, दारूचे सेवन, प्रवासात तासन् तास लघवी दाबून धरणे, यांनी हे संकट एका रात्रीत ओढवते. म्हणून प्रोस्टेटचा त्रास असलेल्याने दुकानातून सर्दीची गोळी आपल्या मनाने आणून घेऊ नये. दुसरा प्रकार याहून वाईट, कारण त्यात दुखत नाही. मूत्राशयात रोज थोडी थोडी लघवी शिल्लक राहते, त्याची भिंत जाड आणि पुढे सैल होते, दाब उलटा मूत्रपिंडावर जातो, आणि माणूस पायावर सूज आली म्हणून दवाखान्यात येतो तेव्हा मूत्रपिंडे निकामी होत आलेली असतात. सैल पडलेले मूत्राशय पुढे नळी मोकळी केली तरी पहिल्यासारखे जोर धरीलच असे नाही. "होते ते होऊ द्या" म्हणण्याची किंमत ही आहे.

तपासणी फार कठीण नाही. डॉक्टर सात प्रश्न विचारतात आणि प्रत्येकाला शून्य ते पाच गुण देतात. बेरीज ७ पर्यंत आली तर त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. गुदमार्गातून बोटाने ग्रंथी तपासतात. याचा संकोच अनेकांना वाटतो, पण ते अर्ध्या मिनिटाचे काम आहे. लघवीची तपासणी, रक्तातील साखर आणि क्रिएटिनिन, पी.एस.ए. नावाची रक्ततपासणी, आणि सोनोग्राफी करतात. सोनोग्राफीत ग्रंथीचा आकार, लघवीनंतर उरलेले पाणी आणि मूत्रपिंडे हे तिन्ही दिसते. काही ठिकाणी धारेचा वेग मोजण्याचे यंत्र असते. सेकंदाला १५ मिलीलिटरच्या वर वेग चांगला, १० च्या खाली आला तर अडथळ्याचा संशय घेतात. रात्री उठावे लागते म्हणजे प्रोस्टेटच, असेही समजू नये. मधुमेहातही तसेच होते.

औषधांबद्दल थोडक्यात सांगतो. टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्या नळीभोवतीचे स्नायू सैल करतात. त्यांचा गुण थोड्या दिवसांत दिसतो, पण एकदम उठून उभे राहिले तर चक्कर येते. फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड या गोळ्या मोठी ग्रंथी आकसवतात, पण त्यांना सहा महिने द्यावे लागतात. त्यांनी पी.एस.ए.चा आकडा निम्म्यावर येतो, म्हणून तपासणीच्या वेळी ही गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना सांगावे. गोळ्यांनी भागणारे पुष्कळ आहेत. त्यांनी त्या घ्याव्यात आणि स्वस्थ राहावे.

गोळ्यांनी भागले नाही तर पुढे ऑपरेशन. येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पीटर फ्रेयर नावाचा आयरिश शल्यचिकित्सक उत्तर हिंदुस्थानात सरकारी वैद्यकीय सेवेत सुमारे वीस वर्षे होता. परत गेल्यावर १९०० साली लंडनमध्ये त्याने पोटावरून मूत्राशय उघडून आणि बोटाने सोडवून संपूर्ण वाढलेली ग्रंथी काढली, आणि ती पद्धत जगभर पसरली. पुढे पोट न कापता नळीतूनच दुर्बीण घालून ग्रंथी आतून खरवडण्याची पद्धत आली. आज आपल्याकडे प्रोस्टेटचे ऑपरेशन म्हणतात ते बहुधा हेच. ते खात्रीचे आहे, धार चांगली मोकळी करते. पण त्याला कमरेखालची भूल लागते, दोन-तीन दिवस दवाखान्यात राहावे लागते, काहींना रक्तस्राव होतो. आणखी एक गोष्ट लोक विचारत नाहीत आणि कोणी सांगतही नाही : या ऑपरेशननंतर बहुतेकांचे वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते. त्याने प्रकृतीला अपाय नाही, परंतु ज्याला त्याचे महत्त्व वाटते त्याला आधी सांगितले पाहिजे.

उष्णतेचा मार्ग

गोळ्या आणि ऑपरेशन यांच्या मधली वाट म्हणून उष्णतेचा उपचार पुढे आला. येथे आपण आपल्या ओळखीच्या रानात येतो.

उसावरचा गवताळ वाढीचा रोग आपणांस ठाऊक आहे. महाराष्ट्रात तो १९४९ साली प्रथम आढळला. त्याचे जंतू कांडीच्या आत असतात. वरून औषध मारून ते मरत नाहीत. म्हणून बेणे बाष्पयुक्त उष्ण हवेच्या यंत्रात ठेवतात : ५४ अंश सेंटिग्रेड, सुमारे अडीच तास, हवेत भरपूर ओल राखून. या आकड्यांत खेळ आहे. दोन-तीन अंश कमी पडले तर रोग तसाच राहतो, दोन-तीन अंश जास्त झाले तर डोळा मरतो. रोग मेला पाहिजे आणि डोळा जगला पाहिजे. अंश आणि वेळ दोन्ही सांभाळली तरच हे साधते.

शरीराचेही तसेच आहे. साधारण ४५ अंशांच्या वर मांस काही वेळ तापले तर त्यातील पेशी मरू लागतात. जितके अंश जास्त, तितकी वेळ कमी पुरते. मेलेला भाग शरीर हळूहळू शोषून टाकते आणि नळीवरचा दाब कमी होतो. कोणी म्हणेल, मे महिन्यात आपण ४५ अंश अंगावर झेलतोच की. पण ते बाहेरचे. आत रक्त सारखे फिरत असते आणि आलेली उष्णता वाहून नेते, म्हणून आतले तापमान ३७ च्या आसपास राहते. ओटीपोटाला गरम विटेचा शेक दिल्याने किंवा गरम पाण्याच्या टबात बसल्याने बरे वाटते, पण ग्रंथी त्याने तसूभरही कमी होत नाही, ती याच कारणाने. शेक देणारे पट्टे आणि यंत्रे "बिना ऑपरेशन प्रोस्टेट गायब" म्हणून विकणारे बाजारात फिरतात. त्यांच्यावर पैसा घालू नये.

तज्ज्ञांनाही ही मर्यादा प्रयोगांतूनच कळली. १९८० नंतरच्या दशकात गुदमार्गातून मायक्रोवेव्हची मंद उष्णता देऊन पाहिली, ४५ अंशांच्या खाली. फायदा टिकला नाही. मग फ्रान्समधील मंडळींनी मायक्रोवेव्हची तार लघवीच्या नळीतच, कॅथेटरमधून नेली, आणि नळीचे अस्तर भाजू नये म्हणून त्याच कॅथेटरमधून थंड पाणी फिरवले. आत ग्रंथी तापते, अस्तर थंड राहते, अशी ही युक्ती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या यंत्राला १९९६ साली परवानगी दिली. पण २००० साली त्याच प्रशासनाला डॉक्टरांसाठी इशारा काढावा लागला. कॅथेटर जागचा हलला किंवा रुग्णाला जास्त गुंगी दिल्यामुळे "भाजते" हे सांगता आले नाही, तर शेजारचे अवयव गंभीर भाजण्याचा धोका आहे, असा त्याचा आशय होता. चांगल्या हातांत मायक्रोवेव्हने लक्षणे कमी होत, पण ऑपरेशनच्या मानाने पुन्हा उपचार करावा लागण्याचे प्रमाण जास्त राहिले. सुयांतून रेडिओलहरी देऊन ग्रंथी तापवण्याची पद्धतही त्याच सुमारास निघाली आणि पुढे मागे पडली.

वाफ कशी काम करते

२०१५ साली अमेरिकेत वाफेच्या उपचाराला परवानगी मिळाली. रेझूम हे त्याचे नाव. यात यंत्राच्या हातात धरण्याच्या भागात अगदी थोडे पाणी, सुमारे अर्धा मिलीलिटर, तापवून वाफ करतात. दुर्बिणीतून पाहत नळीतून एक बारीक सुई ग्रंथीत टोचतात. सुईला सभोवार सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून फक्त ९ सेकंद वाफ सोडतात. मग सुई काढून थोड्या अंतरावर पुन्हा. ग्रंथीच्या आकारानुसार दोन्ही बाजूंना मिळून थोडेच टोचे लागतात, आणि प्रत्यक्ष काम दहा-पंधरा मिनिटांत आटोपते.

नऊ सेकंदांत काय होणार, असे वाटेल. आपल्या कारखान्यातल्या पॅनवरच्या माणसाला विचारा. उकळत्या पाण्यापेक्षा वाफ का पोळते ? एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना ती सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडते. रस आटवणारी वाफ हेच काम करते : थंड पृष्ठभागाला लागते, पाणी होते आणि आपली उष्णता देऊन टाकते. ग्रंथीत शिरलेली वाफ पेशींच्या फटींतून पसरते, तेथेच पाणी होते आणि तो भाग ७० अंशांच्या आसपास जातो. त्या अंशाला पेशी लगेच मरतात, म्हणून मायक्रोवेव्हसारखे अर्धा-पाऊण तास तापवत बसावे लागत नाही. ग्रंथीच्या भागाभागांत नैसर्गिक पडदे असतात, वाफ त्यांपाशी अडते आणि शेजारच्या अवयवांकडे सहसा जात नाही. बांध घातलेल्या वाफ्यात पाणी राहावे तसे.

आता हिशेब. अमेरिकेत १५ केंद्रांवर १९७ पुरुषांवर याची चाचणी झाली. त्यांत तुलनेचा प्लॉटही होता, म्हणजे काही जणांना नुसती दुर्बीण घालून वाफ न देता सोडले आणि त्यांना ते सांगितले नाही. तीन महिन्यांनी वाफ मिळालेल्यांचे त्रासाचे गुण सरासरी ११ ने उतरले, नुसत्या दुर्बिणीवाल्यांचे ४ ने. (हे ४ लक्षात ठेवावे. मनाच्या समाधानानेही इतका गुण येतो, आणि जाहिरातींतल्या "मला बरे वाटले" यामागे बहुधा तेच असते.) पाच वर्षांचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. गुण जवळजवळ निम्म्यावर टिकले होते, धारेचा वेग सेकंदाला सुमारे १० मिलीलिटरवरून १४ च्या घरात राहिला, आणि शंभरांत चार-पाच जणांनाच पुन्हा शस्त्रक्रिया लागली. पाच वर्षांनी सगळेच तपासणीस आले नव्हते, तेव्हा हा आकडा थोडा सावधपणे घ्यावा असे आमचे मत आहे. वीर्य मागे जाण्याचा प्रकार यात फार थोड्यांना होतो. धार मोकळी होण्याच्या बाबतीत मात्र खरवडण्याचे ऑपरेशनच सरस आहे.

ज्यांना वाफ घेऊन संध्याकाळी घरी, दुसऱ्या दिवशी सगळे ठीक, असे कोणी सांगितले असेल त्यांनी पुढचे नीट वाचावे. प्रक्रिया केलेले बेणे लावल्या दिवशी फुटत नाही. वाफेने तापलेली ग्रंथी आधी सुजते, म्हणून बहुधा तीन ते सात दिवस कॅथेटर ठेवतात. दोन-तीन आठवडे लघवीला जळजळ, घाई आणि थोडे रक्त असू शकते. फरक दोन आठवड्यांपासून जाणवू लागतो, पूर्ण गुण यायला तीन महिने लागतात. तेव्हा ऊसतोडीच्या ऐन धावपळीत, किंवा पालखी निघण्याच्या महिनाभर आधी, हा उपचार ठरवू नये.

आणि हा उपचार सर्वांना लागू नाही. चाचणी ३० ते ८० मिलीलिटर आकाराच्या ग्रंथींवर झाली आहे. फार मोठी ग्रंथी असेल, लघवीत जंतुदोष चालू असेल, मूत्राशयात खडे झाले असतील, किंवा मूत्रपिंडावर परिणाम दिसू लागला असेल, तर डॉक्टर बहुधा ऑपरेशनच सांगतील आणि ते योग्यच असेल. निवडीची ही मुभा वेळेवर आलेल्यालाच असते. लघवी तुंबून रात्री जीप करून आलेल्याला ती फारशी उरत नाही.

खर्चाचे स्पष्ट सांगायला हवे. वाफ सोडण्याचे उपकरण एका रुग्णापुरते वापरून टाकून द्यायचे असते, म्हणून हा उपचार महाग आहे, आणि भारतात तो मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांतच होतो. त्यासाठी शेत गहाण टाकण्याचे कारण नाही. खरवडण्याचे जुने ऑपरेशन आजही उत्तम आहे. तपासणीसाठी तर लांब जायलाच नको. अमरावतीला विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, ज्याला आपण सुपर म्हणतो. वर्धा नदीचा पूल ओलांडून आर्वीवरून गेले की सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, हे त्या त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधी विचारून घ्यावे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर ठेवावे.

डॉक्टरांना विचारण्यासारखे प्रश्न असे : माझी ग्रंथी किती मिलीलिटरची आहे, लघवीनंतर किती शिल्लक राहते, मूत्रपिंडे ठीक आहेत ना, आणि माझ्यासाठी गोळ्या, वाफ आणि ऑपरेशन यांपैकी काय व का ? सोनोग्राफीला जाताना लघवी भरलेली लागते, तेव्हा पोचल्यावर पाणी प्यावे, एस.टी.त बसण्यापूर्वी नव्हे. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मुद्दाम दाखवावी, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आपल्या मनाने बंद करू नये.